अर्ध्या भिंतीची धुलाई

२ मार्च, चहानंतर

रचनाचं लग्न ठरलं. ५ मे. मुलगा महेंद्र, लांजीचा, तिथेच शाळेत शिकवतो. नाक सरळ आहे. बाकी पुढे पाहू.

आता घराचा दर्शनी भाग. आमच्या बालाघाटात लग्नघराच्या समोरच्या भिंतीवर रंगानं नावं लिहितात. मुलीचं घर असेल तर मुलीचं आधी. 'रचना संग महेंद्र', खाली तारीख, दोन्ही बाजूंना हत्ती, मध्ये कलश. गल्लीत शिरणारा प्रत्येक माणूस आधी भिंत वाचतो आणि मग घरच्यांची लायकी ठरवतो. तेव्हा भिंत वाचण्याजोगी पाहिजे. गेल्या दिवाळीत चुना राहून गेला, म्हणून सध्या ती शेवाळानं काळी आहे, आणि त्या काळ्यावर ट्रकांची धूळ बसून मातकट झाली आहे. रचना लहानपणापासून मैत्रिणींच्या भिंती पाहत आली, आता तिची पाळी. तिनं मागितलेली एकच गोष्ट आहे ही. पोरगी मागत नाही फारसं, हा गुण माझ्याकडून आला.

मोबाइलवर एक विलायती माणूस पाहिला. त्याचं म्हणणं, टाइल्स, रंग, दुरुस्ती काहीही ठरवण्याआधी घर बाहेरून स्वच्छ धुवा. धुतल्यावरच कळतं काय मोडलं आहे आणि काय नुसतं मळलं आहे. मला हे आधीपासून माहीत होतं. सगळी नोकरी बांधकामाच्या ऑफिसात केली. आवक-जावकच्या टेबलावर होतो हे खरं, पण जिल्ह्यातल्या भिंतींचे कागद माझ्याच हाताखालून गेले.

नूतनला तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, धुता कायले, चुना मारून टाका नं, दर दिवाळीले मारतो तसा. बायकांना तत्त्व समजत नाही.

संकल्प : आधी धुणे, मग ठरवणे. होळीपर्यंत धुणे संपवणे.

३ मार्च

पाहणी केली. समोरच्या टिकारामच्या ओट्यावर उभा राहून, कारण संपूर्ण दर्शनी भाग तिथूनच दिसतो. टिकाराम तांदळाची दलाली करतो आणि त्यानं गेल्या वर्षी घराला समोरून चकचकीत टाइल्स लावल्या. एलिव्हेशन म्हणतो त्याला. बाथरूम उलटं करून बाहेर घातल्यासारखं दिसतं. त्यानं विचारलं, भाऊ, का पाहून राह्यले? म्हटलं, स्ट्रक्चर. त्यानंही शेजारी उभं राहून पाहिलं. त्याला काही दिसलं नाही. दिसणार कसं.

निरीक्षण : घर एक, भाग दोन. ओसरीच्या मधोमध भिंतीवर लाल ऑइलपेंटची उभी रेष आहे. डावीकडे मी, उजवीकडे शालिकराम, म्हणजे माझा मोठा भाऊ. बाबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा रेष मी ओढली. भांडण त्यानं केलं. म्हणजे तो बोलला काहीच नाही, पण ज्या पद्धतीनं बोलला नाही त्याला भांडणच म्हणतात. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणत नाही. डायरीतसुद्धा नाही.

शालिकराम बसमध्ये कंडक्टर होता. जन्मभर लोकांना आगे सरको, आगे सरको म्हणत राहिला. स्वतः होता तिथेच आहे. त्याची बाजू माझ्याइतकीच काळी, आणि वर त्याच्या खिडकीशेजारी एक गंजका टिनपत्रा ठोकलेला. कोण्या जमान्यातली बिडीची जाहिरात. रेष ओढली त्याच्या पुढच्याच दिवाळीत त्यानं तो ठोकला, मला डिवचायला. दर दिवाळीत चुना मारतो तोही टिनाच्या भोवतीनं. टिन काढून मारायचा आळस.

नूतनजवळ हे बोललो. ती म्हणाली, टिनाच्या मागं का आहे, आठवते का तुमाले? म्हटलं, गंज. ती हसली नाही. तांदूळ निवडायला आत गेली.

योजना : फक्त माझी बाजू धुणार. रेषेपर्यंत. माझी चकचकीत झाली की शेजारी त्याची बाजू आपोआप लाजेल. माणूस नाही लाजला तरी भिंत लाजेल.

८ मार्च

अजून सुरुवात नाही, कारण साहित्य. नायलॉनचा ब्रश, रबरी हातमोजे, चष्मा. सगळं घालून आरशासमोर उभा राहिलो. काम करणारा माणूस दिसलो.

रचना म्हणाली, बाबा, दीवार धो रहे हो या ऑपरेशन कर रहे हो. एम.ए. झालेली मुलगी. मध्यप्रदेशातल्या शाळांमुळे मराठीतून टोमणा मारायचीसुद्धा ताकद राहिली नाही या पिढीत.

१० मार्च

पहिली पायरी, कोरडी सफाई. जाळी-जळमटं काढणे. लांब काठीला झाडू बांधला आणि छपराच्या कवेलूंच्या खाली, वळचणीला, एक फटका दिला. तिथे गांधीलमाश्यांचं पोळं होतं. इतकी वर्षं घरात राहतो, मला कोणी सांगितलं नव्हतं.

उजवा डोळा बंद आहे. ओळी वर चढत चालल्या आहेत.

शालिकरामच्या घरून, अनुसयावहिनीकडून, चुन्याची डबी आली. नूतननं मला न विचारता तोंडाला लावला. मी शुद्धीत होतो, पण विरोध करण्याच्या स्थितीत नव्हतो. उतार पडला. चुना कोणाच्याही घरचा असता तरी पडला असता.

१४ मार्च, धुळवड

गल्लीतली पोरं रंग घेऊन हिंडत होती. मी दारात उभं राहून एवढंच म्हटलं की माझ्या भिंतीला रंग लागला तर एकेकाला पोलिसात देईन. त्याआधी त्यांना इथे भिंत आहे हेच माहीत नव्हतं.

आता माझी बाजू हिरवी, जांभळी आणि सोनेरी. रेषेच्या अलीकडे इंचभरही जागा सोडली नाही आणि पलीकडे एक शिंतोडाही नाही. कारण पलीकडे शालिकराम खाटेवर बसून स्वतःच्या टकलावर रंग लावून घेत होता आणि पोरांना शेव वाटत होता. हे लाच देणं झालं. कंडक्टरची सवय.

नवीन मुदत : पाडवा.

१९ मार्च

ओली सफाई सुरू! बादली, साबणाचं पाणी, ब्रश. वरून खाली घासायचं, खालून वर नाही, हे विलायती माणसाचं सांगणं. सकाळभर घासलं. खिडकीच्या शेजारी एक चौकोन अगदी पांढरा निघाला. बाकी भिंत त्यामुळे आणखीच काळी दिसायला लागली. हाच तर धुण्याचा फायदा आहे, सत्य समोर येतं.

टिकाराम येऊन म्हणाला, टीव्ही लावून राह्यले का भाऊ बाहेर? संध्याकाळपर्यंत हेच आणखी तिघांनी विचारलं. या गावात स्वतःचा विनोद कोणाजवळ नाही, एकाचा घेऊन सगळे वापरतात.

२० मार्च

पाठ.

२१ मार्च

पाठच. झोपून विचार केला. विचारही काम आहे. धुतल्यानंतर ठरवायच्या गोष्टी : टेक्सचर पेंट की टाइल्स? टाइल्स नाही, टिकाराम समजेल त्याचं पाहून केलं. काचेचं रेलिंग? कवेलूच्या घराला काचेचं रेलिंग कोणी लावलेलं नाही. म्हणजे बालाघाटात पहिला मी.

२७ मार्च

वसंता पेंटर येऊन गेला. वॉर्डातल्या लग्नांची नावं तोच लिहितो, आणि स्वतःला आर्टिस्ट म्हणवतो. त्याचे हत्ती सगळ्या गल्ल्यांत एकसारखे, जणू एकच हत्ती सगळ्या लग्नांना जाऊन येतो. नखरा मात्र असा की याच्याविना लग्नं अडतील. त्याच्याजवळ एकच दिवस रिकामा आहे, २८ एप्रिल. म्हणाला, भिंत साफ पायजे, चुना मारून वाळलेली पायजे, ओल्यावर मी ब्रश लावत नाई.

मी फ्लेक्सचं सुचवलं. आजकाल फ्लेक्स चालतो. नूतन म्हणाली, फ्लेक्स दुकानाले लावतेत, पोरीले नाई.

२८ एप्रिलला अवकाश आहे. पाठ बरी.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. मुद्दाम पांढऱ्या चौकोनासमोर. चांगली दिसली, पण पाठीमागे टीव्ही बंद असल्यासारखं वाटत होतं. टिकारामनं डोक्यात भरवून दिलं.

संकल्प (नवीन वर्षाचा) : यापुढे हातानं घासणे बंद. विज्ञानाचा उपयोग.

९ एप्रिल

विज्ञानाचा उपयोग केला. फरशी साफ करायचं ॲसिड, पाण्यात मिसळून, मगानं भिंतीवर. खूप फेस आला. फेस पाहून समाधान झालं.

११ एप्रिल

भिंतीखालची नूतनची जास्वंद गेली. शेवाळ आहे. शेवाळाचा चिवटपणा मानला पाहिजे.

नूतननं वाळलेली जास्वंद उपटली आणि माझ्या टेबलावर, डायरीशेजारी आणून ठेवली. मी ती बाजूला केली. पुन्हा तिथेच होती.

शालिकरामच्या बाजूला धुणं, रंग, चुना, कशाचीच हालचाल नाही. खाटेवर बसून माझ्याकडे पाहतो. पुतणीचं लग्न तोंडावर आलं आणि हा माणूस बसून आहे. वहिनी मात्र आमच्याकडे येऊन पापड लाटते. रेष भिंतीवर आहे, स्वयंपाकघरात नाही, असं नूतनचं म्हणणं. ही पळवाट आहे.

१६ एप्रिल

तोडगा सापडला. इतका सोपा की बाकीच्या लोकांना का सुचला नाही याचं आश्चर्य वाटतं. नंतर वाटलं नाही, बाकीचे लोक पाहिले आहेत.

नथ्थूचं गाड्या धुण्याचं दुकान. त्याच्याकडे पाण्याचा प्रेशरचा पंप आहे. विचारलं, भिंत धुता येईल का? नथ्थू म्हणाला, काका, चिखलानं भरलेला ट्रॅक्टर धुतो मी, भिंत काहून नाई? पहिल्यांदा या गावात एक माणूस भेटला ज्याची विचारशक्ती शाबूत आहे. उद्या पाण्याच्या टाकीसकट पंप आणून देणार. चालवणार मी. दुसऱ्याच्या हातात माझी भिंत देणार नाही.

शालिकराम आज सकाळच्या बसनं लामत्याला गेला, साडूकडे. चार दिवस नाही. तो परत येईल तेव्हा पाहील. त्याचं तोंड पाहायला मी ओसरीत खुर्ची टाकून बसणार आहे.

१७ एप्रिल, सकाळ

पंप आला. चष्मा, हातमोजे घातले. नथ्थू सुरू करून गेला. गल्ली जमली. जमू दे.

१७ एप्रिल, जेवायच्या आधी

काय सांगू! शेवाळ वाहून चाललं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं आणि झालं. रंग गेला, धूळ गेली, थरामागून थर. वरचा निळसर चुना, त्याखाली पिवळा, त्याखाली गुलाबी. आणि गुलाबीखालून अक्षरं निघाली! जवळ जाऊन वाचली. 'शालिकराम संग अनुसया.' खाली कलश.

माझ्या बाजूला!

वाटणीच्या आधीचं आहे, मान्य. तेव्हा भिंत एक होती, मान्य. पण अतिक्रमण ते अतिक्रमण. इतकी वर्षं माझ्या चुन्याखाली माझ्याच भिंतीवर राहत होता, फुकट. नूतन ओसरीतून ओरडली की थांबा, ते राहू द्या, मोठ्या भाऊजीचं हाये. पंपाच्या आवाजात ऐकू आलं नाही. म्हणजे आलं, पण नीट नाही. नोझल जवळ धरलं. आधी शालिकराम काढला, मग संग, मग अनुसया. वहिनीच्या नावाशी माझं काही वाकडं नाही, पण अर्धवट काम मला चालत नाही.

भिंत आता कोरी आहे. जेवून उरलेलं काम.

१७ एप्रिल, संध्याकाळ

प्लास्टर पडलं.

१८ एप्रिल

काल सविस्तर लिहिता आलं नाही. जेवताना बाहेर पोतं पडल्यासारखा आवाज झाला. वाटलं टिकारामकडे तांदळाची पोती उतरत आहेत. बाहेर येऊन पाहिलं तर खिडकीपासून रेषेपर्यंतचं सगळं प्लास्टर ओसरीत बसलेलं. नावं होती तिथूनच सुरुवात झाली. आत विटा आणि माती. शिवाय खिडकीच्या जाळीतून पाणी समोरच्या खोलीत गेलं. तिथे लग्नाचे तांदूळ होते. आता अंगणात वाळत आहेत, आणि नूतन त्यांच्याशेजारी काठी घेऊन बसली आहे. काठी कावळ्यांसाठी आहे. बहुतेक.

नथ्थू पंप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, ट्रॅक्टरले असं होत नाई काका. विचारशक्तीबद्दल लिहिलेलं मागे घेतो.

शांतपणे विचार केला तर हे चांगलंच झालं. तत्त्व काय होतं? धुतल्यावर कळतं काय मोडलं आहे. कळलं. उद्या टाइल्स लावल्या असत्या आणि टाइल्ससकट भिंत पडली असती तर?

१९ एप्रिल

मिस्त्री शोधायला हिंडलो. सगळे लग्नसराईत. मिस्त्रीलोकांनासुद्धा एवढी नातीगोती असतात हे नवीनच. एक जण म्हणाला, करून देतो, पन वाळाले टाइम लागन, पाच तारखेच्या आत त्याच्यावर रंग चढनार नाई. याला काम टाळणं म्हणतात.

२१ एप्रिल

शालिकराम लामत्याहून आला. खुर्ची टाकून बसायचं होतं, पण आज मला आत काम होतं. पडद्यातून पाहिलं. तो रस्त्यावर पिशवी घेऊन उभा राहिला, माझ्या बाजूकडे बराच वेळ पाहत राहिला. हसला नाही. हसायला पाहिजे होतं, मला राग तरी धरता आला असता.

मग ओसरीत पसरलेली माती त्यानं पायानं बाजूला केली आणि घरात गेला.

२३ एप्रिल

महेंद्रचे वडील आले, पत्रिकेचं विचारायला. दारातच थबकले. विचारलं, गाडी-गिडी घुसली का? मी समजावलं की ही एक्स्पोज्ड ब्रिक स्टाइल आहे, मोठ्या शहरांत लोक पैसे देऊन प्लास्टर काढून घेतात. त्यांनी मान हलवली. लांजीत अजून ही स्टाइल पोचलेली नाही. चहा पिताना परत विटांकडे पाहिलं आणि विचारलं, मंग नाव कोन्या बाजूले लिवनार?

म्हटलं, चालू आहे विचार.

चालू नव्हता. आता सुरू केला.

२८ एप्रिल

वसंता आला. डबे, ब्रश, स्टूल घेऊन. विटांसमोर उभा राहिला. चहा मागितला. चहा पिऊन पुन्हा उभा राहिला. म्हणाला, मोतीलालभाऊ, कायच्यावर लिवू? विटेवर 'र' बसला तर 'च' मातीत जाते. मी म्हटलं, आर्टिस्ट आहेस नं? म्हणाला, आर्टिस्ट हाव, कुंभार नाई. शेजारच्या भिंतीकडे बोट करून म्हणाला, ते पन धुतली नाई, चुना नाई. उद्यापासून माझ्याकडे वेळ नाई. डबे उचलले आणि गेला. नखरेल माणूस.

रचना दारात होती. मी तिला एक्स्पोज्ड ब्रिकचं सांगायला लागलो. ती म्हणाली, बाबा, मी तर जाईन. नाव राह्यलं असतं भिंतीवर, दोन-तीन दिवाळ्या तरी. तुमी येता-जाता वाचलं असतं. मराठीत म्हणाली सगळं. मग आत गेली आणि दार लावलं.

रडली. मला ऐकू आलं. मला ते अजिबात आवडलं नाही. जेवण गेलं नाही.

२९ एप्रिल

फ्लेक्स करून आणला. नूतनला न विचारता. वरच्या कोपऱ्यात खिळा ठोकला. विटेत वाकतो, मातीत ठोकला तर निसटतो. चारी कोपरे करून पाहिले. शेवटी फ्लेक्स माझ्या अंगावर पडला आणि मी त्याच्याखाली थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आत सावली होती. बाहेर टिकाराम कोणाला तरी सांगत होता, भाऊ दिसून नाई राह्यले आज.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

शालिकराम उजाडताच बाहेर आला. अंगात बनियन, हातात केरसुणी, बादली आणि लोटा. लोट्यानं भिंतीवर पाणी ओततो आणि केरसुणीनं हळूहळू घासतो. म्हैस धुतात तसा. एका लोट्यानं भिंत धुणारा माणूस! या गतीनं पुढच्या अक्षय तृतीयेला संपेल. पडद्यामागून सकाळभर पाहिलं. पद्धत अगदी चुकीची. खालून वर घासतो.

संपवलं. दुपारच्या आतच. प्लास्टर जिथल्या तिथे आहे.

त्याची बाजू मुळात मजबूत आहे, त्यात त्याचं कर्तृत्व नाही. वाटणीत मला कमजोर बाजू दिली. बाजू मी निवडली होती, पण त्यानं निवडू दिली.

१ मे

त्यानं चुना मारला. कुचीनं, दोन हात. टिनाच्या भोवतीनं, नेहमीसारखा. नूतन त्याला ताक देऊन आली. माझ्याच घरचं ताक.

नूतन म्हणाली, भाऊजी रचनाचं नाव लिवनार हायेत. वसंता नाई तर नाई म्हणे. मी म्हटलं, माझ्या मुलीचं नाव त्याच्या भिंतीवर? ती म्हणाली, तुमची कुठं हाये भिंत?

२ मे

टिन काढलं.

रचनानं हाक मारली म्हणून बाहेर गेलो, पाहायला नाही. शालिकरामनं खिळे उपटले, पत्रा उतरवून ओसरीला टेकवला. मागे गंज नव्हता.

'मोतीलाल संग नूतन.' खाली आमची तारीख. दोन हत्ती. निळा तसाच निळा, गुलाबी तसाच गुलाबी.

तेव्हा त्यानंच लिहिलं होतं. ड्युटीवरून येऊन, खाकी शर्टावरच. मी समजत होतो ते कधीचं पावसानं गेलं. म्हणजे समजतही नव्हतो, कधी विचारच आला नाही. वहिनीनं रचनाला सांगितलं की वाटणीत आमचं नाव त्यांच्या बाजूला आलं, दर दिवाळीत चुन्याखाली जाईल म्हणून मोठ्या बाबानं, म्हणजे शालिकरामनं, वर पत्रा ठोकला. एवढंच.

हत्ती म्हशींसारखे आहेत. तेव्हाही मी म्हटलं होतं. सोंड आखूड, शिंगं असावीत असं कपाळ. नूतन पदराला हात पुसत उभी राहून पाहत होती. तिचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं लिहिलं आहे, हे मला आज दिसलं.

आत येऊन बसलो. पाणी प्यायलो. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

४ मे, संध्याकाळ

मांडव झाला. पाहुणे येऊ लागले. माझ्या बाजूच्या विटांवर नूतननं साडी सोडली आहे, पडद्यासारखी. दुरुस्ती, टेक्सचर, रेलिंग वगैरे पावसाळ्यानंतर ठरवणार.

सकाळी नावाचं काम झालं. शालिकराम स्टुलावर चढला. आमच्या नावांच्या खाली 'रचना संग महेंद्र'. अक्षर अजून चांगलं आहे. हत्ती याही वेळी म्हशीच. रचना रस्त्यात उभी राहून पाहत होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. दोन्ही एकदम कसं जमतं यांना कळत नाही. मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं.

रंगाचा डबा धरायला कोणी नव्हतं. तसे होते, पण नूतननं डोळ्यांनी खुणावलं आणि सगळे आत गेले. मी रेष ओलांडली. ओलांडताना पाहिलं तर रेषही फारशी उरलेली नाही, माझ्या बाजूनं प्लास्टरबरोबर गेली. निळ्या रंगाचा डबा उचलला. जड होता.

दादा खाली न पाहताच, हत्तीचं शेपूट ओढता ओढता, म्हणाला, मोतीलाल, तुह्या बाजूले आमचं लिवलेलं होतं नं रे, चुन्याखाली. धुताना दिसलं का?

मी सांगितलं, नाही दिसलं.

म्हणाला, हौ, जुनं होतं. गेलं असंन.

मग म्हणाला, डबा जरा वर धर. धरला.